टाकीची सावली आणि गच्चीवरची वीज

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ सुरू केल्यापासून साध्या घरांमध्येही गच्चीवरच्या सौर पॅनेलांची चौकशी होऊ लागली आहे. दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळत असल्याने बोलणे किंमत आणि वसुलीची वर्षे यांभोवतीच फिरते. गच्चीवर सावली कुठे आणि केव्हा पडते, हे फारसे कोणी विचारत नाही. विचारलेच, तर ‘थोडी सावली आली तर वीजही थोडीच कमी होईल’ असे उत्तर मिळते. ही समजूत चुकीची आहे आणि ती घरमालकाला महागात पडते.

आमच्या पुण्यातील घरावर जुन्या घडणीची, प्रत्येकी ६० सेलची (सेल म्हणजे प्रकाशापासून वीज करणारी छोटी चकती) दहा पॅनेल आहेत. एका निरभ्र दुपारी इन्व्हर्टरवर, म्हणजे पॅनेलांची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्रावर, २,१०० वॉटचा आकडा दिसत असताना मी एका पॅनेलच्या खालच्या आखूड कडेवर जाड टॉवेल अंथरला. त्याखाली फक्त सहा सेल झाकले गेले, म्हणजे एकूण सहाशे सेलांचा शंभरावा भाग. त्या हिशेबाने एकवीस वॉट कमी व्हायला हवे होते. प्रत्यक्षात आकडा १,९०० च्या खाली उतरला. एक अख्खे पॅनेल जणू गच्चीवरून काढून ठेवले होते.

असे का होते, हे पाहण्यासारखे आहे. एक सेल जेमतेम अर्धा व्होल्ट विभवांतर देतो, म्हणून पॅनेलमधले सगळे सेल एकसर जोडलेले असतात. एकसर जोडणीत प्रत्येक घटकातून एकच विद्युतधारा वाहते, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. सेलची धारा मात्र त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात ठरते. समजा, भर उन्हातले ५९ सेल आठ अँपिअर देऊ शकतात आणि सावलीतला एक सेल केवळ एक अँपिअर. मग उरलेले सेल आपली धारा त्या एकातून रेटू पाहतात, त्याच्या दोन टोकांमधले विभवांतर उलटे होते आणि वीज देणारा सेल वीज खाऊ लागतो. तळहाताएवढ्या त्या चकतीत ही सारी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने साठते. सेल करपतो, कधी वरची काचही तडकते.

हे टाळण्यासाठी पॅनेलच्या पाठीवरच्या काळ्या डबीत बहुधा तीन बायपास डायोड, म्हणजे धारेला एकाच दिशेने पर्यायी वाट देणारे घटक, बसवलेले असतात. प्रत्येक डायोड वीस सेलच्या गटाला समांतर जोडलेला असतो. एरवी त्याच्यातून धारा जात नाही. गटातला एखादा सेल सावलीत गेला आणि गटाचे एकूण विभवांतर साधारण अर्धा व्होल्ट उलटे झाले, की डायोड खुला होतो आणि धारा त्या गटाला वळसा घालून पुढे जाते. सेल वाचतो, पण वीसही सेलांची वीज बुडते. माझ्या टॉवेलखालच्या सहा सेलांपैकी दोन-दोन सेल तिन्ही गटांतले होते, म्हणून तिन्ही डायोड खुले झाले. तेच पॅनेल आडवे बसवले असते, तर खालच्या लांब कडेचे दहाही सेल एकाच गटात आले असते आणि एक तृतीयांशच वीज गेली असती.

सावली अर्धवट असेल, तर गुंतागुंत आणखी वाढते. विभवांतरानुसार मिळणाऱ्या शक्तीचा आलेख काढला, तर त्याला एकाऐवजी दोन शिखरे येतात : एक, गटाला वगळून पूर्ण धारेवर चालण्याचे; दुसरे, गटाला सोबत घेऊन कमी धारेवर चालण्याचे. इन्व्हर्टर सतत शिखर शोधत असतो, पण साध्या पद्धतीचा इन्व्हर्टर ठेंगण्या शिखरावरच अडकून राहू शकतो. अलीकडच्या पॅनेलांत सेल अर्धे कापून पॅनेलचा वरचा व खालचा भाग समांतर जोडतात, त्यामुळे खालच्या कडेवरची सावली निम्मेच नुकसान करते. तरीही निम्मे म्हणजे थोडे नव्हे.

आमच्याकडे पॅनेल बसवण्याआधीची गच्चीची पाहणी मे महिन्याच्या मध्यावर, भर दुपारी झाली. त्या सुमारास पुण्यात सूर्य थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस असतो, आणि पाण्याची टाकी निरुपद्रवी दिसते. डिसेंबरच्या अखेरीस दुपारी चार वाजता मात्र सूर्य नैर्ऋत्येला क्षितिजापासून केवळ २४ अंशांवर असतो, आणि दोन मीटर उंच टाकीची सावली ईशान्येकडे सुमारे साडेचार मीटर पसरते. वास्तुशास्त्राच्या नावाखाली टाकी नैर्ऋत्य कोपऱ्यातच हवी, असा आग्रह असंख्य घरांत धरला जातो, आणि नेमक्या त्याच कोपऱ्यातून पॅनेलांवर हिवाळ्यातली सर्वांत लांब सावली येते. या आग्रहाला कोणताही भौतिक आधार नाही, हे स्पष्टपणे सांगायला हवे. ‘वीजबिल कायमचे शून्य’ अशा जाहिरातींबाबतही तेच. नेट मीटर (घेतलेल्या आणि परत दिलेल्या विजेचा हिशेब ठेवणारा मीटर) बसवल्यावरही बिलातला स्थिर आकार भरावाच लागतो.

म्हणून पॅनेलांची जागा ठरवण्यापूर्वी डिसेंबरमध्ये एक पूर्ण दिवस, सकाळी नऊ ते दुपारी चार, दर तासाला गच्चीवर खडूने सावलीच्या कडा आखाव्यात. जिन्याची खोली, डिश अँटेना, शेजारचा नारळ, कपडे वाळवायची तार, सगळे त्यात आले पाहिजे. डिसेंबरपर्यंत थांबणे शक्य नसेल, तर सूर्याचा मार्ग दाखवणारे मोबाइल ॲप वापरून २१ डिसेंबरची सावली काढता येते. आम्ही हे उशिरा केले, आणि शेवटी प्लंबरला बोलावून टाकी उत्तरेच्या कठड्यालगत हलवावी लागली. आता हिवाळ्यात चार वाजता तिची सावली कठड्यापलीकडे, खालच्या गल्लीत पडते.