पाचारण ओळखायचे कोणी? नागपूरच्या मंडळ्यांमागचा जुना वाद

बारावीचा निकाल लागला की नागपूरच्या ख्रिस्ती घरांत एक प्रश्न हमखास निघतो: देवाने मला कशासाठी पाचारण केले आहे, म्हणजे कोणत्या कामासाठी बोलावले आहे? युवक शिबिरांत त्यावर सत्रे होतात, आईवडील मुलाला घेऊन पाळकसाहेबांकडे (चर्चच्या धर्मगुरूंकडे) जातात, आणि सल्ला बहुधा ठरलेला असतो. प्रार्थना कर, तुला आतून कळेल. हे ‘आतून कळणे’ आता इतके अंगवळणी पडले आहे की पूर्वापार असेच चालत आले असावे असे वाटते. प्रत्यक्षात पाचारण ओळखण्याचा अधिकार कोणाचा, यावर मंडळ्या (चर्च) फुटल्या आहेत, आणि त्या एकत्र येताना हाच प्रश्न सर्वांत अवघड ठरला आहे. त्या भांडणाचे दोन टप्पे नागपूरशी जोडलेले आहेत.

पवित्र शास्त्रातही दोन्ही बाजू सापडतात. अंत्युखियाच्या मंडळीने उपास व प्रार्थना करून बर्णबा आणि शौल (पुढचा पौल) यांच्यावर सेवेसाठी नेमण्याच्या विधीने हात ठेवले व त्यांना पाठवले. तोच पौल गलतीकरांना मात्र ठणकावून सांगतो की त्याचे प्रेषितपण माणसांकडून आलेले नाही. पुढे मठांचा काळ आला आणि पाचारण म्हणजे मठात जाणे असा अर्थ रूढ झाला. सोळाव्या शतकात लूथरने गृहिणीचे आणि कारागिराचे कामही पाचारणच असल्याचे सांगितले. १५६३ मध्ये त्रेंतच्या परिषदेने प्रत्येक धर्मप्रांताला (एका बिशपाच्या हाताखालच्या प्रदेशाला) सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारे विद्यालय, काढायला लावली. हा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. आपल्या कामाचा मुद्दा जिनिव्हातला आहे. तिथल्या सुधारकांनी पाळकाच्या बाबतीत दोन पाचारणे मानली, एक मनातले, ज्याला साक्षी फक्त देव, आणि दुसरे मंडळीने चारचौघांत दिलेले. दुसरे नसेल तर पहिल्यावर विसंबून कोणी व्यासपीठावर चढू नये, असा त्यांचा दंडक होता.

हा दंडक स्कॉटलंडने उचलला आणि त्यावरूनच तिथे मोठी फूट पडली. गावच्या जमीनदाराने नेमलेला पाळक मंडळीला नको असला तरी तिने तो निमूट स्वीकारायचा का, असा वाद होता. १८४३ मध्ये चारशेहून अधिक पाळक घरदार आणि पगार सोडून बाहेर पडले व त्यांनी स्वतंत्र मंडळी उभी केली. त्या मंडळीचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप दोन वर्षांच्या आत, १८४५ मध्ये, भोसल्यांच्या नागपुरात पोहोचला. आज शहरातले एक जुने कॉलेज त्याच्या नावाने ओळखले जाते. त्याचे स्वतःचे पाचारणही एका चौकटीत मावणारे नव्हते. शाळा चालवता चालवता त्याने या भागातले खडक आणि जीवाश्म अभ्यासले, आणि १८६३ मध्ये टाकळघाटजवळची शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात तो बुडाला.

मंडळीच्या अधिकारासाठी घर सोडणाऱ्यांच्या वारसांनी इथे काय केले? जे हिंदुस्थानातल्या बहुतेक मिशनांनी केले तेच. उपदेशक, शिक्षक, घरोघरी बायबल सांगणाऱ्या बायबलबाई यांना पगार मिशन देई, त्यामुळे नेमणूक आणि बदलीही मिशनच्याच हाती राहिली. स्थानिक मंडळी लहान होती, गरीब होती, हे खरेच. पण मंडळीतल्या ज्या वडिलांनी (एल्डरांनी) उमेदवार पारखायचे, त्यांच्यापैकी अनेकांची चूलही मिशनच्या पगारावर पेटत होती, ही गोष्ट आपल्याकडच्या स्मरणिकांत सहसा येत नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाला या संदर्भात रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवणारच. नागपुरात राहून गेलेल्या या कवीला नागपूर-राजनांदगाव प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले, ही कथा सर्वज्ञात आहे. बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला. त्यामानाने कमी सांगितली जाते ती १९१७ ची गोष्ट. त्या वर्षी त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा मांडला. हाक आतून आली होती, मोजमाप मात्र बाहेरच्यांनी केले, आणि ते फारसे उदार नव्हते. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबाराला पुढे फार दिवस टिकता आले नाही.

त्याआधीच ‘आतून’ या शब्दाला वजन आणणारी आणखी एक लाट आली होती. १८८६ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यार्थी मेळाव्यात शंभर तरुणांनी परदेशी मिशनसेवेची तयारी लेखी दर्शवली. त्यामागचा एक प्रमुख तरुण कोल्हापूरला जन्मलेला, मिशनऱ्याचा मुलगा होता. या चळवळीने पाचारण मंडळीच्या बैठकीतून उचलून एकट्या तरुणाच्या सहीवर आणून ठेवले. आजच्या शिबिरांतला ‘कोण पुढे येतो?’ हा प्रश्न त्याच घराण्यातला.

आता नागपूरचा मुख्य टप्पा. उत्तर भारतातल्या मंडळ्यांच्या ऐक्याची बोलणी १९२९ पासून चालली होती. बिशप मानणारे, बिशप न मानणारे, तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारे आणि न देणारे अशा सर्वांना एका छताखाली आणायचे होते. बाप्तिस्म्यावर तोड निघाली, दोन्ही पद्धती ठेवल्या. गाडे अडले ते पाळकांवर. बॅप्टिस्ट मंडळीने रीतसर दीक्षा दिलेल्या पाळकावर बिशपाचे हात कधीच ठेवले गेले नव्हते. मग त्याचे पाचारण पुरे की अपुरे? बिशपाने पुन्हा हात ठेवले तर पंचवीस वर्षांची सेवा कच्ची ठरते. न ठेवले तर बिशप मानणाऱ्यांच्या दृष्टीने त्याने दिलेले प्रभुभोजन (भाकर व द्राक्षारसाचा पवित्र विधी) शंकास्पद राहते.

दक्षिणेतल्या मंडळ्यांनी १९४७ मध्ये एक होताना यावर सरळ मार्ग काढला होता: आहेत ते पाळक जसेच्या तसे मान्य, यापुढच्या सगळ्या दीक्षा बिशपांच्या हातून. त्याची किंमतही मोजावी लागली. नंद्याल भागातल्या अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या) मंडळ्या ऐक्याबाहेर राहिल्या आणि परदेशातल्या अँग्लिकनांशी संबंध बरीच वर्षे अर्धवट राहिले. उत्तरेने वेगळी युक्ती केली. पुन्हा दीक्षा द्यायची नाही आणि नुसती मान्यताही द्यायची नाही. सर्व परंपरांच्या प्रतिनिधींनी एकमेकांवर हात ठेवायचे आणि ज्याला जे उणे असेल ते देवाने द्यावे, अशा आशयाची प्रार्थना करायची. कोणात काय उणे होते, हे कागदावर कोठेही लिहायचे नाही.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या सदर भागातल्या कॅथीड्रलच्या आवारात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली. सातवी, अमेरिकन मेथडिस्ट परंपरेची, मोठी मंडळी अगदी शेवटच्या महिन्यांत मागे फिरली. तिची कारणे नुसती धर्मशास्त्रीय नव्हती, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

हात ठेवण्याच्या त्या तोडग्याला कोणी शहाणपण म्हणतात, कोणी पळवाट. माझ्या मते ती पळवाट होती, आणि आवश्यक होती. दुसऱ्याचे पाचारण खोटे म्हणण्याचा हक्क सर्वांनी एकदम सोडून दिला, हे लहान काम नव्हे. खटकते ते दुसरेच. चाळीस वर्षांच्या बोलण्यांत पाळकाच्या पाचारणावर मसुद्यांमागून मसुदे झाले. सीताबर्डीच्या मिशन हॉस्पिटलात रात्रपाळी करणाऱ्या नर्सच्या पाचारणाला त्यांत जेमतेम एखादे वाक्य मिळाले असेल. लूथरचे नाव घेणाऱ्यांकडून एवढी अपेक्षा रास्त होती.

नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या, म्हणजे कॅथलिकांच्या, बाजूला चित्र उलटे फिरले. कॅथलिक मंडळीतही फ्रान्समध्ये हाच वाद पेटला होता आणि १९१२ मध्ये रोमने निकाल दिला: मनाची ओढ ही आवश्यक अट नाही, हेतू शुद्ध हवा, लायकी हवी, आणि बोलावणे बिशपांचे. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये पवित्रतेचे पाचारण सर्वांनाच आहे असे म्हटले. त्याच वर्षापासून पाचारणांसाठी प्रार्थनेचा रविवार जगभर पाळला जाऊ लागला. २०१८ मध्ये तरुणांचे पाचारण आणि त्याची पारख यावर रोमला बिशपांची सभा झाली तेव्हा भाषा सोबतीची होती. मार्गदर्शक बरोबर चालेल, निर्णय तरुणाचा.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत अर्जाची वाट अजून जुनीच आहे. स्थानिक पाळकांची आणि समितीची शिफारस, मग धर्मप्रांताची मुलाखत, मग सेरामपूरशी संलग्न कॉलेजात बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी. (सेरामपूर बंगालमधले, आपल्या अहिल्यानगर, पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातले श्रीरामपूर नव्हे.) शिफारशीत ओळखीपाळखी आणि गटबाजी चालते ही तक्रार जुनी आहे आणि ती निराधार नाही. तिला कंटाळून अनेक तरुण स्वतंत्र सहभागित्वांकडे (कोणत्याही जुन्या मंडळीशी न जोडलेल्या प्रार्थनागटांकडे) वळले. तिथे ना शिफारस लागते ना समिती, एक भाड्याचा हॉल आणि ध्वनिक्षेपक पुरतो. त्यांतली काही कामे उत्तम चालली आहेत. पण तिथल्या प्रमुखाला त्याच्या हाकेबद्दल उलट प्रश्न विचारू शकेल असा कोणी माणूस त्या रचनेत नसतो, आणि आपल्या मुलाला तिकडे पाठवणाऱ्या आईवडिलांनी आधी चौकशी करावी ती याच गोष्टीची.