इनलाइन ठासणीची रायफल

दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरायची, पण ठिणगी दारूच्या बरोबर मागून, नळीच्या सरळ रेषेत देणारी रायफल. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर मिळणाऱ्या ठासणीच्या बंदुकीत केप (ठोक्याने ठिणगी देणारी छोटी टोपी) बाजूच्या निपलवर, म्हणजे पोकळ खुंटीवर, बसते आणि ठिणगी वळून आत जाते. ओल किंवा काजळी असली की बार तिथेच चुकतो. इनलाइनमध्ये हे वळणच नाही. अमेरिकेत १९८५ साली टोनी नाइट यांच्या एमके-८५ पासून हा प्रकार शिकाऱ्यांत रुळला.

नळी बहुधा .५० कॅलिबरची (१२.७ मिमी) असते. आतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा) साधारण २८ इंचांत एक फेरा घेतात. प्लास्टिकच्या सॅबोतल्या (गोळीभोवतीच्या वेष्टणातल्या) लांबट गोळीला एवढा पीळ लागतो. गोल गोळीच्या नळीत तो कितीतरी सैल असतो.

खरा महत्त्वाचा भाग ब्रीच प्लग, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारे आट्यांचे बूच. त्याच्या मागच्या खोबणीत २०९ प्रायमर (ठोक्याने पेटून ज्वाळा देणारी टोपी) बसतो, आणि मिलिमीटरहून बारीक छिद्रातून ज्वाळा दारूपर्यंत जाते. छिद्रात तेल राहिले किंवा काजळी साचली की बार फुसका जातो. अशा वेळी नळी सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट थांबावे. काळ्या दारूची राख हवेतली ओल शोषते, म्हणून प्लग त्याच दिवशी काढून साबणाच्या गरम पाण्याने धुवावा, वाळवावा आणि आट्यांना जाम न होऊ देणारे ग्रीस लावूनच बसवावा. कोरडा ठेवलेला प्लग असा अडकतो की काढताना पान्याच्या कडा झिजतात. प्लग निघाला की नळी मागून साफ करता येते आणि आरपार दिसते.

दस्ता, चाप आणि सेफ्टी इतर रायफलींसारखेच. घोडा मात्र काही मॉडेलांत बाहेर असतो, तर काहींत बोल्टच्या (नळीमागे सरकणाऱ्या दांड्याच्या) आत सरकतो.

गजाकडे, म्हणजे दारू-गोळी आत ठासायच्या सळईकडे, दुर्लक्ष होते, ते होऊ नये. त्यावर दोन खुणा कराव्यात : रिकाम्या नळीची आणि भरलेल्या नळीची. दारू दोनदा पडली किंवा गोळी दारूवर न टेकता वर अडकली, तर खुणेवरून लगेच कळते. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुगते, फुटूही शकते.

दारू मापाने, आकारमानावर मोजतात. पर्यायी दारू (काळ्या दारूच्या जागी वापरायची) काळ्या दारूपेक्षा हलकी असल्याने तेवढेच ग्रेन (वजनाचे लहान एकक) वजनाने भरल्यास मात्रा जास्त होते. दाबून बनवलेल्या दारूच्या ५० ग्रेनच्या दोन गोट्या हा प्रचलित भरणा, पण कमाल मर्यादा उत्पादकाच्या पुस्तिकेतलीच धरावी. काडतुसांतली धूरविरहित दारू खास तिच्यासाठी न बनवलेल्या नळीत कधीही घालू नये.