नियोजन आणि पर्यावरण कायद्यातली बॅरिस्टरी : इंग्लंडला निघण्यापूर्वी

कायद्याच्या पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला जाऊ पाहणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक आमच्या कार्यालयात येतात, तेव्हा अलीकडे एक प्रश्न वरचेवर निघतो : पर्यावरणाच्या कायद्यात बॅरिस्टर होता येईल का? होता येतं. पण ते काम रोजच्या रोज कसं असतं आणि गाडी नेमकी कुठे अडते, हे पैसे भरण्याआधी कळलेलं बरं. म्हणून हे पत्रक.

इंग्लंडमध्ये पर्यावरणाचे पुष्कळसे वाद जमिनीच्या वापरातून उभे राहतात. त्यामुळे प्लॅनिंग (जमीन-वापराचं नियोजन) आणि पर्यावरण ही दोन्ही कामं सहसा एकच बॅरिस्टर करतो. आपल्याकडे डीपीत (शहराच्या विकास आराखड्यात) जागा कुठल्या झोनमध्ये येते, एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) किती मिळतो, मार्जिन सुटतात का, हे नियमावलीत बसलं की परवानगीचं निम्मंअधिक काम होतं. तिथे तसं नाही. 1947 च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग कायद्यापासून बांधकाम करायला किंवा जागेचा वापर बदलायला परवानगी लागते आणि ती द्यायची की नाही हे बरंचसं निर्णय घेणाऱ्याच्या तारतम्यावर असतं. स्थानिक आराखड्याला धरून निर्णय व्हावा, असं कायदा सांगतो. मात्र दुसऱ्या बाबींचं पारडं जड असेल तर आराखडा बाजूला ठेवण्याचीही मुभा देतो. वादाला जागा मिळते ती इथे, आणि प्लॅनिंगच्या वकिलांची पोटंही इथेच भरतात.

किंग हेन्रीज रोडवरचं घर

आपल्या माणसांना हे समजावून सांगायला एक प्रकरण फार उपयोगी पडतं. 1921-22 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन (बॅरिस्टरांच्या चार जुन्या संस्थांपैकी, म्हणजे इन्सपैकी एक) इथे शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्तर लंडनमधल्या 10, किंग हेन्रीज रोड या घरात राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते घर 2015 मध्ये विकत घेतलं आणि तिथे स्मारक झालं. पण राहत्या घराचं संग्रहालय करणं म्हणजे वापरात बदल, आणि त्याची परवानगी आधी घेतलेली नव्हती. नंतर केलेला अर्ज तिथल्या कॅम्डन कौन्सिलने (स्थानिक पालिकेने) 2018 मध्ये फेटाळला. कारण सरळ होतं : लंडनमध्ये घरांची टंचाई, आणि त्यातली राहण्याची जागा कमी करू नये असं कौन्सिलचं धोरण. अपील झालं, सप्टेंबर 2019 मध्ये जाहीर चौकशी बसली आणि मार्च 2020 मध्ये मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी परवानगी दिली.

बाबासाहेबांच्या थोरवीवर तिथे वाद नव्हता. एक राहतं घर कमी होण्याला किती वजन द्यायचं आणि त्या वास्तूच्या इतिहासाला किती, एवढाच प्रश्न होता. या क्षेत्रातली बहुतेक प्रकरणं मुळात अशीच असतात. फक्त घराच्या जागी कधी पवनचक्की येते, कधी गावाबाहेरची तीनशे घरांची वसाहत.

अशी चौकशी कोर्टात होत नाही. कौन्सिलच्या सभागृहात, गावातल्या हॉलमध्ये, प्रसंगी हॉटेलच्या खोलीत टेबलं मांडून होते. विग नाही, गाऊन नाही. समोर न्यायाधीश नसून सरकारने नेमलेला प्लॅनिंग इन्स्पेक्टर बसतो, आणि तो पेशाने नगररचनाकार किंवा वास्तुविशारदही असू शकतो. साक्षीदारांची लेखी साक्ष साधारण चार आठवडे आधी एकमेकांना पोहोचलेली असते. आधी कौन्सिलचे साक्षीदार, मग अपील करणाऱ्याचे. शेवटचा शब्द अपील करणाऱ्याच्या बॅरिस्टरचा. मधल्या वेळात आसपासचे रहिवासीही उठून बोलतात. चौकशीच्या आगेमागे इन्स्पेक्टर जागेवर जाऊन येतो.

खरी कसोटी उलटतपासणीत लागते. समोर चोर-दरोडेखोर नसतो, वाहतुकीचा अभियंता असतो, नाहीतर जीवशास्त्रज्ञ. वटवाघळांची पाहणी योग्य हंगामात झाली होती का, गाड्यांची मोजणी शाळेच्या सुट्टीत तर केली नाही ना, सावलीचा नकाशा कुठल्या महिन्याचा, असे प्रश्न विचारायचे असतात. त्यासाठी रात्र-रात्र तक्ते वाचावे लागतात. टाळ्यांची वाक्यं आवडणाऱ्या मुलांना आम्ही फौजदारीकडे वळायला सांगतो.

वरच्या कोर्टातलं काम वेगळं. हायकोर्टात 2014 पासून स्वतंत्र प्लॅनिंग कोर्ट आहे आणि परवानगीला आव्हान द्यायला मुदत मिळते जेमतेम सहा आठवडे. अलीकडचा गाजलेला निकाल म्हणजे सारा फिंच या स्थानिक कार्यकर्तीच्या दाव्याचा. सरे परगण्यातल्या हॉर्स हिल इथल्या तेलविहिरींना कौन्सिलने 2019 मध्ये परवानगी दिली. पर्यावरणीय परिणाम तपासताना विहिरीवरचं प्रदूषण धरलं, पण ते तेल पुढे जाळल्यावर होणारं उत्सर्जन धरलं नाही. फिंच यांनी याला आव्हान दिलं : हायकोर्टात हार, अपील कोर्टात हार, आणि 20 जून 2024 रोजी सुप्रीम कोर्टात तीन विरुद्ध दोन असा विजय. पर्यावरणाच्या दाव्यात हरणाऱ्या व्यक्तीवर दुसऱ्या बाजूच्या खर्चाचा बोजा सर्वसाधारणपणे 5,000 पौंडांपुरताच पडावा, अशी तरतूद तिथे आहे. ती नसती तर अशा वाटेला सामान्य माणूस गेला नसता.

हे वाचून "मी फक्त निसर्गाच्या बाजूने लढेन" असं कोणी ठरवत असेल, तर थोडं थांबा. आपल्या विषयातलं काम आलं, वेळ असला आणि योग्य फी मिळत असली, तर पक्षकार आवडत नाही म्हणून बॅरिस्टरला नाही म्हणता येत नाही. आज रहिवाशांचा वकील, उद्या बिल्डरचा. मुलांना हे पटायला वेळ लागतो, पालकांना लगेच पटतं.

वाट आणि अडथळा

कायद्याची पदवी, ती भारतातली असेल तर बार स्टँडर्ड्स बोर्डाकडून (बॅरिस्टरांच्या नियामक संस्थेकडून) तिची तपासणी आणि सांगितल्यास रूपांतराचा (इंग्लंडच्या कायद्याची ओळख करून देणारा) अभ्यासक्रम. मग चार इन्सपैकी एकीचं सदस्यत्व, बार कोर्स (बॅरिस्टरीचं व्यावसायिक शिक्षण), इनमधली हजेरीची 10 सत्रं म्हणजे क्वालिफाइंग सेशन्स (त्यातली काही चक्क जेवणं असतात) आणि 'कॉल', म्हणजे बॅरिस्टर म्हणून रीतसर दाखल होणं. इथवर तुम्ही नावाचे बॅरिस्टर. वकिली करायची तर वर्षभराची प्युपिलेज लागते : पहिले सहा महिने ज्येष्ठाच्या मागे बसून, पुढचे सहा स्वतः उभं राहून. पुढे चेंबर्सने (बॅरिस्टरांच्या सामाईक कार्यालयाने) ठेवून घेतलं तर जागा पक्की. तीही नोकरी नव्हे. पगार नाही, आपली फी आपण कमवायची आणि चेंबर्सचा वाटा द्यायचा.

अडतं ते प्युपिलेजपाशी. बार कोर्सला वर्षाला दोन हजारांच्या आसपास विद्यार्थी बसतात, प्युपिलेजच्या जागा पाच-सहाशेच्या घरात, आणि त्यात प्लॅनिंगच्या चेंबर्सकडे मोजक्याच. कोर्सची फी मात्र बारा-पंधरा हजार पौंडांपासून पुढे, राहण्याचा खर्च वेगळा. म्हणून आमचा सल्ला असा, की जमलं तर प्युपिलेज हातात घेऊनच बार कोर्सची फी भरा. तसा अर्ज आधी करता येतो. जाहिराती नोव्हेंबरअखेर दिसू लागतात, अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत जातात.

इथे परतायचा विचार असेल तर हेही लक्षात घ्या : पुण्यात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय पीठ आहे आणि तिथे उभं राहायला भारतीय सनद पुरते. बॅरिस्टरीने त्यात अधिकाराची भर पडत नाही. सनद घेऊन काही वर्षं वकिली केलेल्यांसाठी इंग्लंडमध्ये परदेशी वकिलांना तिथले बॅरिस्टर होण्याची वेगळी वाट आहे; त्यात बरीच सूट मिळू शकते. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या वकिलांना ती ठाऊकच नसते.

पहिली भेट विनाशुल्क आहे. येताना सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, सनद असल्यास तिची प्रत आणि घरच्यांनी ठरवलेला खर्चाचा खरा आकडा घेऊन या. प्युपिलेज नक्की मिळवून देण्याची हमी आम्ही देत नाही; कोणी देत असेल तर त्याच्याकडून ती लेखी मागा. आणि येण्याआधी एक दिवस काढून हरित न्यायाधिकरणाचं कामकाज बघून या. अहवाल चाळत चाललेला युक्तिवाद दुपारपर्यंत ऐकवला, तर पुढचं बोलू.