नावानिशी उरलेले कापड : ज्यू घरांतील हातच्या वस्त्रांची पार्श्वभूमी

नाझी राजवटीत मारल्या गेलेल्या सुमारे साठ लाख ज्यूंच्या मागे ज्या वस्तू उरल्या त्यांत कापडाचा वाटा मोठा आहे. त्यातही घरच्या बायकांनी शिवलेल्या, विणलेल्या, भरतकाम केलेल्या वस्त्रांना संग्रहालयांत आणि वारसांच्या कपाटांत एक वेगळेच स्थान मिळाले आहे. मायेच्या माणसाची आठवण म्हणून कापड जपले जाते हे खरे असले, तरी एवढ्याने या वस्त्रांचा इतिहास कळत नाही. त्यासाठी दोन गोष्टींकडे पाहावे लागते : कापडावर माणसाचे नाव घालण्याची ज्यू घरांतली जुनी रीत, आणि तेच नाव कापडापासून तोडून काढण्यासाठी नाझी प्रशासनाने उभारलेली कारकुनी यंत्रणा.

पहिली गोष्ट ‘विम्पेल’ या वस्त्रात सर्वांत स्पष्ट दिसते. जर्मनी, आल्सेस आणि स्वित्झर्लंड या भागांतल्या ज्यूंमध्ये मुलाची सुंता जन्मानंतर आठव्या दिवशी झाली, की त्या वेळी त्याला ज्यात गुंडाळले होते ते लिननचे, म्हणजे जवसाच्या धाग्याचे, कापड धुऊन ठेवीत. आपल्याकडच्या बाळंतविड्यातले दुपटे डोळ्यांसमोर आणले तर त्या कापडाची साधारण कल्पना येईल. पुढे ते उभे फाडून त्याच्या चार पट्ट्या करीत आणि त्या टोकाला टोक लावून जोडीत, म्हणजे सुमारे तीन मीटर लांबीचा आणि वीतभर रुंदीचा एक पट्टा तयार होई. या पट्ट्यावर आई, आजी किंवा आत्या हिब्रू अक्षरांत मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतिथी भरीत, आणि त्यापुढे ‘तोरा, विवाहमंडप आणि सत्कर्मे यांसाठी तो वाढो’ हा आशीर्वाद. तोरा म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, गुंडाळीच्या रूपात लिहिलेला. अक्षरांच्या पोटात पक्षी, मासे, फुले असत. जन्ममहिन्याची रास चितारलेली असे. ‘विवाहमंडप’ या शब्दाशी छत्राखाली उभे नवराबायको आणि ‘तोरा’ या शब्दाशी गुंडाळलेला ग्रंथ काढलेला असे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत भरतकामाऐवजी रंगवलेले पट्टेही होऊ लागले, आणि ते काम काही वेळा धंदेवाईक लेखनिकांकडे जाई. पण कापड मात्र बाळाचेच.

ही रीत कशी पडली याची एक आख्यायिका सांगतात. माइन्झचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, याकोब मोलिन, ज्यांचा मृत्यू १४२७ साली झाला, एका सुंतेच्या प्रसंगी हजर होते. बाळाला गुंडाळायला कापडच नव्हते, तेव्हा त्यांनी तोराच्या गुंडाळीला बांधलेला पट्टा सोडून वापरू दिला आणि तो नंतर धुऊन देणगीसह परत करावा असे सांगितले. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यातला व्यवहार नेमका आहे : तोराचे कापड बाळाला आणि बाळाचे कापड तोराला. मूल तीन वर्षांचे झाले की वडील त्याला सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, नेत आणि तो पट्टा तोराभोवती गुंडाळून अर्पण करीत. तेराव्या वर्षी बार मित्स्वाच्या, म्हणजे मुलगा धर्मपालनाच्या वयात आल्याच्या विधीच्या, दिवशी त्याच मुलाचे विम्पेल बाहेर काढले जाई. परिणामी, सिनेगॉगच्या पेटाऱ्यात गावातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलग्यांची जन्मनोंद कापडावर साठत गेली. मुलींची नोंद त्यात नाही, आणि जिने सुई चालवली तिचेही नाव बहुधा नाही. हा मुद्दा शेवटी पुन्हा येईल.

घरगुती कापडावरही नाव असेच. लग्नात मुलीला द्यायच्या चादरी, उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ यांच्या कोपऱ्यात तिची आद्याक्षरे भरण्याची रीत मध्य युरोपातल्या सगळ्याच मध्यमवर्गीय घरांत होती आणि ज्यू घरेही तिला अपवाद नव्हती. सलोनिका, इस्तंबूल यांसारख्या ओटोमन शहरांतल्या सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालमधल्या ज्यू, कुटुंबांत तर जरीकामाचे लग्नातले वस्त्र पुढे तोराच्या कपाटाचा पडदा करण्यासाठी देऊन टाकीत.

ही घरे लुटायला सुरुवात झाली ती कापडापासून नव्हे. २१ फेब्रुवारी १९३९ च्या आदेशाने जर्मनीतल्या ज्यूंना सोने, चांदी, प्लॅटिनम आणि रत्ने सरकारी केंद्रांत जमा करावी लागली. लग्नाच्या अंगठीसारखे मोजके अपवाद सोडले, तर पिढीजात चांदीची भांडी आणि मेणबत्तीदाने गेली. डिसेंबर १९३८ ते सप्टेंबर १९३९ या काळात आईवडिलांविना ब्रिटनला पाठवलेल्या सुमारे दहा हजार मुलांनाही मौल्यवान वस्तू नेण्याची मुभा नव्हती, रोख रक्कमही दहा मार्कांपुरतीच. मग त्यांच्या पेटीत घालण्यासारखे काय उरत होते? स्वेटर, मोजे, नाव भरलेले रुमाल. पुढे त्यांतल्या पुष्कळ मुलांसाठी आईच्या हातचे एवढेच शिल्लक राहिले, याचे कारण त्या पेटीच्या नियमांत आहे.

कापडाची पाळी थोडी उशिरा आली. फेब्रुवारी १९४० पासून जर्मनीतल्या ज्यूंना कपड्यांचे रेशनकार्ड मिळेनासे झाले, म्हणजे नवे कापड, लोकर आणि दोराही कायदेशीरपणे दुर्मिळ झाला. जुना स्वेटर उसवायचा, लोकर धुऊन, ताणून पुन्हा गुंडाळायची आणि वाढत्या मुलासाठी नव्याने विणायचे, हीच सोय राहिली. १९ सप्टेंबर १९४१ पासून सहा वर्षांवरील प्रत्येकाला छातीवर पिवळा तारा शिवून घ्यावा लागला, आणि तो शिवण्याचे कामही घरातल्याच सुईने झाले. डिसेंबर १९४१ मध्ये वॉर्सा घेट्टोतून, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतून, आणि जानेवारी १९४२ मध्ये जर्मनीतून ज्यूंचे फरचे व लोकरीचे कपडे जप्त झाले. कारण साधे होते : पूर्व आघाडीवर जर्मन सैन्य गोठत होते.

पश्चिम युरोपात हेच घरोघर झाले. फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलंड्समधली सुमारे सत्तर हजार ज्यू घरे रिकामी करण्यात आली, आणि पॅरिसमध्ये लेव्हितां या फर्निचरच्या दुकानाची छावणी करून तिथे ज्यू कैद्यांकरवी भांडी, खेळणी, चादरी निवडून लावून घेतल्या गेल्या. त्या ढिगांत काहींना आपल्याच घरचे सामान ओळखू आले.

या सगळ्याची प्रशासकीय परिसीमा २६ सप्टेंबर १९४२ च्या एका परिपत्रकात आहे. एसएस या नाझी निमलष्करी संघटनेच्या आर्थिक कार्यालयातले अधिकारी आउगुस्ट फ्रांक यांनी ते लुब्लिनच्या आणि आउश्विट्झ छळछावणीच्या प्रशासनाला पाठवले होते आणि युद्धानंतर न्युरेंबर्गच्या खटल्यांत ते पुरावा म्हणून पुढे आले. पिसांची अंथरुणे, दुलया, लोकरी ब्लँकेटे, शाली, चादरी, टॉवेल, टेबलक्लॉथ, बाबागाड्या अशी यादी करून हा माल व्यापलेल्या प्रदेशांत वसवल्या जाणाऱ्या वंशाने जर्मन कुटुंबांसाठीच्या कार्यालयाकडे द्यावा, असे त्यात म्हटले आहे. कपड्यांवरचा ज्यू तारा काढल्याची काटेकोर खात्री करावी आणि अस्तरात शिवून लपवलेल्या मौल्यवान वस्तू शोधाव्यात, हेही. या मालाचा उल्लेख यापुढे चोरीचा, चोरांकडून घेतलेला आणि साठेबाजीचा माल असा करावा, अशी सूचनाही त्यात आहे. ज्यांच्या घरातून तो आला तेच चोर ठरले. कोणाची तरी आजी थंडीच्या रात्री जी दुलई शिवत बसली होती, ती या कागदावर केवळ एक नग झाली. लुटीत कापडाचे मूल्य संपले नाही, ते कोणाचे आहे एवढेच पुसले गेले.

ती लूट किती मोठी होती याचा अंदाज जानेवारी १९४५ मध्ये आला. माघार घेताना नाझींनी आउश्विट्झमधली बहुतेक गोदामे जाळली होती, तरी उरलेल्या गोदामांत सोव्हिएत सैन्याला पुरुषांचे सुमारे साडेतीन लाख सूट आणि स्त्रियांचे आठ लाखांहून अधिक कपडे सापडले. आज तिथल्या संग्रहालयात २४६ तालित, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी पुरुष पांघरतात त्या झालरींच्या शाली, जपून ठेवलेल्या आहेत. अनेक समाजांत ही शाल वधू वराला देते आणि मृत्यूनंतर त्याला तिच्यातच गुंडाळून पुरतात.

एवढ्या प्रवाहातून नावासह काही उरले, ते कसे? याची उत्तरे एकमेकांपासून फार वेगळी आहेत. दक्षिण जर्मनीतले उत्तर तर चक्रावून टाकणारे आहे. ९ आणि १० नोव्हेंबर १९३८ ला चौदाशेहून अधिक सिनेगॉग जाळली वा उद्ध्वस्त केली गेली आणि पेटाऱ्यांतली उत्तम विम्पेले त्यांत नष्ट झाली. पण देवाचे नाव लिहिलेली वस्तू फेकायची नाही, हा ज्यूंचा नियम. त्यामुळे जीर्ण ग्रंथ, फाटके पट्टे, झिजलेल्या पिशव्या सिनेगॉगच्या माळ्यावर टाकून ठेवीत, याला गेनिझा म्हणतात. काही खेड्यांत शेजारची घरे पेटतील या भीतीने सिनेगॉगला आग लावली नाही आणि इमारत दुसऱ्याच कामाला लावली. व्युर्झबुर्गजवळच्या फाइट्सहोखहाइममध्ये १९८० च्या दशकात जुन्या सिनेगॉगच्या दुरुस्तीच्या वेळी असा माळा उघडला आणि कागदांच्या जोडीने विम्पेलचे तुकडेही निघाले. जे वापरून संपले म्हणून बाजूला टाकले होते, तेवढेच वाचले. असा तुकडा जवळून पाहिला तर नाव अर्धेच सापडते. सांध्याचा उसवलेला टाका आणि त्यापलीकडे काही नाही, किंवा आशीर्वादातला ‘तो वाढो’ एवढाच शब्द.

प्रागमध्ये उलट घडले. १९०६ साली स्थापन झालेल्या तिथल्या ज्यू संग्रहालयाचे १९४२ मध्ये नाझी देखरेखीखाली मध्यवर्ती ज्यू संग्रहालय झाले आणि बोहेमिया-मोराव्हियातल्या दीडशेहून अधिक ज्यू समाजांच्या वस्तू तिथे आणल्या गेल्या. ज्यू तज्ज्ञांनीच त्यांची नोंद केली. पडदे, तोराची आवरणे, पट्टे यांवरचे अर्पणलेख वाचून, तारीख लावून, दात्याचे गाव लिहून ते कार्डे भरत होते आणि ज्यांची नावे वाचत होते त्या गावांतले लोक दरम्यान तेरेझीनच्या नाझी छावणीमार्गे पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांकडे पाठवले जात होते. नोंद करणारेही वाचले नाहीत. अभिरक्षकांपैकी हाना व्होलाव्कोव्हा एकट्या उरल्या आणि युद्धानंतर त्यांनीच संग्रहालय सांभाळले. आज सिनेगॉगच्या वस्त्रांचा जगातला एक फार मोठा संग्रह तिथे आहे. हा संग्रह ‘वाचवला’ असे सरसकट म्हटले जाते, ते मला पटत नाही. नाझींचा त्यामागचा हेतू नेमका काय होता याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कापडाची काळजी ज्यांनी घेतली ते मात्र मरणाच्या यादीतलेच कर्मचारी होते.

तिसरे उत्तर अंगावरच्या कपड्याचे आहे. पोलंडमधल्या ल्वूफ, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या ल्विव्ह शहरातली क्रिस्टिना खिगेर ही मुलगी १९३५ साली जन्मली. १९४३ च्या उन्हाळ्यात तिथला घेट्टो संपवला जात असताना तिचे आईवडील, धाकटा भाऊ आणि काही इतर लोक शहराच्या सांडपाण्याच्या भुयारात उतरले आणि लेओपोल्ड सोखा या गटार-कामगाराच्या मदतीने चौदा महिने तिथेच राहिले. जुलै १९४४ मध्ये बाहेर आलेल्या त्या मुलीच्या अंगावर आजीने विणलेला हिरवा स्वेटर होता. आजी त्याआधीच धरपकडीत गेली होती आणि परत आली नाही. हा स्वेटर आज वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यू संहाराच्या, स्मारक संग्रहालयाकडे आहे.

हा स्वेटर वेगळ्या प्रकारे बोलतो, कारण त्यावर नाव नाही. तरीही विणकाम जाणणाऱ्याला ठाऊक असते, की सुईवर दोरा किती ओढायचा हे प्रत्येकाच्या हाताचे स्वतःचे असते आणि एकाच मापाच्या सुया व तीच लोकर दिली तरी दोघींची वीण सारखी येत नाही. पुढे एका अमेरिकी विणकाम-रचनाकार स्त्रीने मूळ स्वेटरचा अभ्यास करून त्याची प्रतिकृती आणि विणण्याचा नमुना तयार केला. न उसवता, टाके मोजून, उलट-सुलट ओळी वाचून आजीची गणिते परत मांडावी लागली.

ज्यांच्याकडे काहीच उरले नाही त्यांच्यापैकी काहींनी नंतर कापड हाती घेतले. पोलंडमधल्या म्निशेक गावची एस्टर निसेन्थाल क्रिनिट्झ १५ वर्षांची असताना, ऑक्टोबर १९४२ मध्ये, बहिणीसह कुटुंबापासून वेगळी झाली आणि दोघी वाचल्या. बाकीचे घर गेले. अमेरिकेत स्थायिक झाल्यावर, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९७७ साली तिने मुलींना आपले घर कसे होते हे दाखवण्यासाठी कापडावर चित्र भरले. २००१ मध्ये मृत्यू येईपर्यंत अशी ३६ चित्रे झाली. पहिल्या चित्रात शेत, घर, आईवडील. पुढच्या चित्रांत गणवेशातले सैनिक आणि त्याच निगुतीने भरलेली फुले. तिला चित्रकला शिकवली कोणी नव्हती, शिवण मात्र लहानपणापासून येत होती.

१९९३ मध्ये वॉशिंग्टनचे संग्रहालय उघडल्यापासून आणि विशेषतः यरुशलेमच्या याद वाशेम या होलोकॉस्ट-स्मारक संस्थेने २०११ मध्ये घरोघरच्या वस्तू गोळा करण्याची मोहीम सुरू केल्यापासून अशी वस्त्रे कपाटांतून संस्थांकडे येत आहेत. उजेड हा कापडाचा शत्रू, म्हणून ती साधारणपणे ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाशाचे माप) जास्त प्रकाशात ठेवीत नाहीत, आणि लोकरीला कसर लागू नये म्हणून वेगळी दक्षता घ्यावी लागते. वस्तू स्वीकारताना ती कोणाची, कुठे आणि कधी वापरली हे विचारतात, आणि कोणी केली हेही. शेवटच्या प्रश्नाला बहुधा नाव मिळत नाही. विम्पेलवर मुलगा आणि त्याचे वडील आहेत, चादरीच्या कोपऱ्यात नवरीची दोन अक्षरे आहेत, हिरव्या स्वेटरबरोबर तो घालणाऱ्या मुलीचे नाव जगभर गेले आहे. आणि जिने तो विणला तिची ओळख सांगताना ‘आजी’ एवढेच म्हटले जाते.