रोज नवं नाट्यगृह, तेच नेपथ्य

दौऱ्यावरचं मराठी नाटक पडद्यामागून पाहिलं आहे का कधी? शनिवारी रात्री सांगलीत प्रयोग, रविवारी दुपारी कोल्हापुरात. नाट्यगृहाकडून मिळतो मोकळा रंगमंच आणि वीज. भिंती, दारं, जिना, सोफा, अगदी भिंतीवरचं घड्याळसुद्धा गाडीतून येतं. बॅकस्टेजची मंडळी काही तासांत घर उभं करतात आणि पडदा पडला की त्याच रात्री ते मोडून परत गाडीत भरतात. तालमीत दार डावीकडे असेल, तर गावोगाव ते डावीकडेच. नटाला ते शोधावं लागत नाही.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना ही सोय, म्हणजे कोडसोबत त्याचं सगळं ‘घर’ही नेता येण्याची, मिळायला फार वर्षं लागली. मला तिचं मोल कळलं ते एका वाचनालयामुळे.

अंतिम वर्षाच्या मुलामुलींना मी प्रकल्पासाठी मदत करते. गेल्या वर्षीच्या गटाने एका सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेवीची नोंदवही संगणकावर आणायचं ठरवलं. पायथन भाषा, तिच्यावर जँगो (वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा), माहिती साठवायला पोस्टग्रेस हा डेटाबेस. मुलं पाच, लॅपटॉप पाच. एकावर पायथनची जुनी आवृत्ती, दुसऱ्यावर दोन आवृत्त्या शेजारी शेजारी आणि नेमकी चुकीचीच आधी सापडणारी. एका मुलीच्या लॅपटॉपला 4 जीबी मेमरी. पोस्टग्रेस आणि ब्राउझर एकदम उघडले की तो गुदमरायचा. तिसऱ्याने वाचनालयाचं बोधचिन्ह मोठ्या अक्षराने सुरू होणाऱ्या नावाने साठवलं आणि कोडमध्ये तेच नाव लहान अक्षराने लिहिलं. विंडोजला हा फरक दिसत नाही, म्हणून त्याच्याकडे चित्र दिसत होतं. लिनक्स या कार्यप्रणालीला ही दोन वेगळी नावं वाटतात, म्हणून सर्व्हरवर, म्हणजे वेबसाइट चालते त्या लिनक्सच्या संगणकावर, चित्र गायब. ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे वाक्य मी त्या दोन आठवड्यांत इतक्या वेळा ऐकलं की शेवटी मी कोड तपासणं थांबवून मुलांचे लॅपटॉपच तपासू लागले.

मुलं आळशी नव्हती. अडचण अशी की कोड लिहिलेला असतो, पण तो ज्या जमिनीवर उभा असतो ती कुठेच लिहिलेली नसते. भाषेची आवृत्ती, लायब्ररींच्या (इतरांनी लिहिलेल्या, आयत्या वापरायच्या कोडच्या) आवृत्त्या, कार्यप्रणाली, डेटाबेस, पर्यावरण-चलांमधल्या (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेल्या सेटिंग्जमधल्या) किमती, बसवलेले फाँट: हे सगळं मिळून ‘डेव्हलपमेंट एन्व्हायर्न्मेंट’ होतं. बहुतेक ठिकाणी ते तोंडी चालत येतं. जुना सहकारी नव्याच्या शेजारी बसून सांगतो, ‘हे टाक, मग ते टाक, आणि हा एरर आला तर सोडून दे.’ हे तोंडी ज्ञान कागदावर आणणं हेच खरं काम आहे असं मला वाटतं. क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून वापरायचे दुसऱ्याचे संगणक, हा त्यातला फक्त भाड्याचा रंगमंच.

मग नेपथ्य कशाचं? कंटेनरचं, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र ठेवणाऱ्या बंदिस्त खोलीचं. त्याचा पाया लिनक्सच्या गाभ्यातल्या दोन सोयींवर आहे. पहिली नेमस्पेस. एखाद्या प्रोग्रॅमला फक्त स्वतःच्याच फाइली, स्वतःच्याच प्रक्रिया, स्वतःचंच नेटवर्क दिसेल अशी आडभिंत ती घालते. दुसरी सीग्रुप. त्या प्रोग्रॅमने मेमरी आणि प्रोसेसर किती वापरायचा याची मर्यादा ती घालते. सीग्रुपचं काम गूगलमधल्या अभियंत्यांनी 2006 मध्ये सुरू केलं आणि जानेवारी 2008 मध्ये आलेल्या लिनक्स 2.6.24 मध्ये ते सामावलं गेलं. सामान्य प्रोग्रॅमरच्या हातात हे सारं सुटसुटीतपणे आलं ते मार्च 2013 मध्ये, डॉकर हे कंटेनर बनवायचं साधन आल्यावर. कंटेनर म्हणजे संगणकात दुसरा आख्खा संगणक नव्हे. लिनक्सचा गाभा सगळ्यांचा एकच राहतो, जसा नाट्यगृहाचा रंगमंच आणि वीज प्रत्येक नाटकाला तीच. वरचं घर तेवढं ज्याचं त्याचं.

या घराचा साठवलेला साचा म्हणजे इमेज. ती थरांची बनते. खाली लिनक्सच्या मूळ फाइली, त्यावर पायथन, त्यावर लायब्ररी, सगळ्यांत वर आपला कोड. एखादा थर बदलला की तो आणि त्याच्या वरचे थर नव्याने बांधावे लागतात; खालचे आयते वापरता येतात. म्हणून क्वचित बदलणाऱ्या गोष्टी खाली आणि रोज बदलणारा कोड वर. हा क्रम उलटा लिहिला, तर एक स्वल्पविराम बदलला तरी सगळ्या लायब्ररी पुन्हा उतरवल्या जातात. आमच्या गटाने पहिल्यांदा नेमकं हेच केलं होतं.

आम्ही गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळाची कोडस्पेसेस ही सेवा वापरली. तिथे क्लाउडमध्ये आपल्यासाठी एक आभासी संगणक सुरू होतो, त्यावर कंटेनर उभा राहतो आणि संपादक (कोड लिहायचा एडिटर) आपल्या ब्राउझरमध्ये उघडतो. कंटेनर कसा हवा हे प्रकल्पातच, ‘डेव्हकंटेनर’ नावाच्या फोल्डरमधल्या एका जेसन (ठरलेल्या नमुन्यातल्या साध्या मजकुराच्या) फाइलीत लिहायचं. कुठली इमेज, वर कुठली साधनं, कुठलं पोर्ट (प्रोग्रॅमपर्यंत पोचायचं क्रमांकाचं दार) उघडायचं, संपादकात कुठली एक्स्टेन्शन हवीत, आणि कंटेनर तयार झाल्यावर कुठली कमांड आपोआप चालवायची. आमची पहिली फाइल जेमतेम वीस ओळींची होती. पोस्टग्रेससाठी दुसरा कंटेनर जोडला. फाइल कोडसोबतच राहते, त्यामुळे ती कोणी, कधी आणि का बदलली हेही इतिहासात दिसतं. या फाइलीचा नमुना खुला आहे. स्वतःच्या संगणकावर डॉकर असेल तर तीच फाइल तिथेही चालते, म्हणजे एका कंपनीच्या दावणीला आपण बांधले जात नाही.

इमेजच्या नावापुढे ‘लेटेस्ट’ लिहायचा मोह होतो. तो टाळावा. आज ‘लेटेस्ट’ म्हणजे एक आवृत्ती, सहा महिन्यांनी दुसरीच. फाइल तीच राहते आणि घर बदलतं. आम्ही पायथन 3.12 असं स्पष्ट लिहिलं आणि प्रत्येक लायब्ररीचाही आकडा पक्का केला.

हे सगळं पाच मुलांच्या प्रकल्पाला ठीक, मोठ्या कामाला झेपतं का? गिटहबने स्वतःचाच कोड या पद्धतीवर नेला आणि ऑगस्ट 2021 मध्ये त्याची हकिगत सविस्तर मांडली. त्यांच्या मुख्य प्रकल्पाने डिस्कवर जवळजवळ 13 जीबी जागा व्यापली होती. नुसती प्रत उतरवायला 20 मिनिटं लागत. सुरुवातीला एक कोडस्पेस तयार व्हायला 45 मिनिटं जात. मग त्यांनी पूर्ण इतिहासाऐवजी आधी फक्त ताजी अवस्था उतरवायला सुरुवात केली आणि 20 मिनिटांचं काम दीड मिनिटावर आलं. बाकीची तयारी रोज रात्री एका इमेजमध्ये करून ठेवली, तेव्हा सगळं मिळून 5 मिनिटं झाली. शेवटी तयार कोडस्पेसेसचा साठाच सज्ज ठेवला आणि वेळ आली 10 सेकंदांवर. कुठल्याही टप्प्यावर यंत्र अद्भुत वेगवान झालं नाही. कुठलं काम आधी करून ठेवता येईल याचा नीट विचार झाला, बस. मला ही हकिगत फार आवडते.

एक शंका प्रत्येक जण विचारतो. संगणक सिंगापुरात किंवा अमेरिकेत, मग टाइप केलेलं अक्षर उशिरा नाही का उमटणार? काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर अंतर सुमारे 3,900 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान 39 मिलिसेकंद. अमेरिकेचा पूर्व किनारा सुमारे 13 हजार किलोमीटरवर, म्हणजे किमान 130. केबल सरळ रेषेत नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात याहून जास्तच. दर अक्षरामागे एवढं थांबावं लागलं असतं तर लिहिणं नकोसं झालं असतं. पण इथे पडद्याचं चित्र दुरून येत नाही. संपादकाचा दर्शनी भाग आपल्याच ब्राउझरमध्ये चालतो आणि अक्षर तिथेच उमटतं. फाइल साठवणं, कोड चालवणं, चुका शोधणं ही कामं तिकडे होतात. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, मात्र प्रत्येक कळ जाऊन परत येते, तिथे उशीर जाणवतो. कोडस्पेस तयार करताना जवळचा प्रदेश निवडायचा तो यासाठी.

आमचा सर्वांत मोठा गोंधळ झाला ‘लोकलहोस्ट’वरून. जँगो सुरू केला की तो सांगतो, मी लोकलहोस्टच्या 8000 क्रमांकाच्या पोर्टवर आहे. मुलांनी शेजारच्या टॅबमध्ये तोच पत्ता टाकला, काहीच उघडेना. लोकलहोस्ट म्हणजे ‘हाच संगणक’. जँगोच्या तोंडी ‘हाच’ म्हणजे सिंगापुरातला, ब्राउझरच्या तोंडी ‘हाच’ म्हणजे टेबलावरचा. मधला पूल म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग: कोडस्पेस त्या पोर्टला इंटरनेटवरचा एक वेगळा पत्ता देतं. तो पत्ता उघडला, पान दिसलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि लॉगिन करताच 403 चा नकार आला. जँगो फॉर्म कुठल्या पत्त्यावरून आला हे तपासतो आणि हा नवा पत्ता त्याच्या विश्वासाच्या यादीत नव्हता. यादीत तो घातला, काम झालं. मुळात हे पोर्ट खाजगी असतं, आपल्या खात्याशिवाय कुणाला दिसत नाही. मित्राला दाखवायला ते ‘पब्लिक’ केलं की पत्ता हाती असलेल्या कुणालाही दिसतं. दाखवून झालं की परत खाजगी करा.

पासवर्ड आणि एपीआयच्या (बाहेरच्या सेवा वापरायच्या) किल्ल्या डेव्हकंटेनरच्या फाइलीत किंवा कोडमध्ये कधीही लिहू नका. एका मुलाने संदेश पाठवण्याच्या सेवेची किल्ली कोडमध्ये लिहिली, चूक कळताच पुसली आणि सुटकेचा श्वास टाकला. पण गिट हा कोडमधले बदल नोंदवणारा प्रोग्रॅम इतिहास जपतो. पुसलेली ओळ मागच्या नोंदीत तशीच होती. किल्ली रद्द करून नवी घेणं हाच उपाय. कोडस्पेसेसमध्ये गुपितांसाठी वेगळा कप्पा आहे. तिथली किंमत सुरू होताना पर्यावरण-चल म्हणून आत येते, प्रकल्पात कुठेच उमटत नाही.

खर्चाचंही सांगते. नोव्हेंबर 2022 पासून गिटहबने वैयक्तिक खात्याला महिन्याला 120 कोअर-तास (प्रोसेसरचे कोअर गुणिले तास) मोफत दिले: दोन कोअरच्या यंत्रावर 60 तास, चारच्या यंत्रावर 30. अर्धा तास हालचाल नसेल तर यंत्र आपोआप थांबतं. हा काळ कमी करता येतो आणि विद्यार्थ्यांनी तो जरूर करावा. थांबलेल्या यंत्राचे तास मोजले जात नाहीत, साठवणुकीची जागा मात्र मोजली जाते. आणि इंटरनेट गेलं की काम थांबतं. गावी गेलेल्या मुलांचे दोन दिवस असेच गेले, याला माझ्याकडे उत्तर नाही. पण ती 4 जीबीवाली मुलगी त्याच लॅपटॉपवर सगळ्यांच्या बरोबरीने काम करत होती.

आपली फाइल पुरेशी आहे का, हे कळायला मी मुलांना कंटेनर मोडून नव्याने बांधायला लावलं. रिबिल्ड केल्यावर ‘वर्कस्पेसेस’ फोल्डरमधलं राहतं. कंटेनरमध्ये इतरत्र हाताने केलेलं सगळं जातं, ग्रीनरूममध्ये विसरलेल्या वस्तूसारखं. आणि खरोखरच दोन गोष्टी मोडल्या. सकाळी 10 वाजता दिलेलं पुस्तक नोंदीत पहाटे साडेचारला गेलेलं दिसू लागलं. कंटेनरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), जँगोच्या नव्या प्रकल्पाचंही तसंच, आणि एकाने ते टर्मिनलमधून तात्पुरतं भारतीय वेळेवर आणलेलं होतं. दुसरं त्याहून जिव्हारी लागणारं. सभासदाच्या पावतीच्या पीडीएफमध्ये मराठी नावांच्या जागी रिकामे चौकोन. विंडोजवर देवनागरी फाँट आधीपासून असतो, म्हणून हा प्रश्न कुणाच्या मनातही आला नव्हता. लिनक्सच्या आटोपशीर इमेजमध्ये तो नसतो. एका मुलीने तो टर्मिनलमधून बसवला होता, फाइलीत लिहिला नव्हता.

तिनेच मग डॉकरफाइल, म्हणजे इमेज कशी बांधायची ते लिहिलेली फाइल, उघडली, लोहित देवनागरी फाँटची ओळ घातली, खाली वेळक्षेत्र ‘एशिया/कोलकाता’ लिहिलं, जँगोच्या सेटिंग्जमध्येही तेच केलं आणि पुन्हा रिबिल्ड लावला. तो होईपर्यंत आम्ही सगळे चहा प्यायला गेलो. परत आलो तेव्हा पावतीवर सभासदाचं नाव जोडाक्षरांसकट उमटलं होतं.