‘स्वीकारार्ह जाहिरात’ : एका शब्दाची पार्श्वभूमी

वेबवरची पहिली पट्टीजाहिरात ऑक्टोबर १९९४ मधली, आणि तिच्यामागोमाग आलेल्या पॉप-अपचा त्रास अनेकांच्या आठवणीत असेल. पॉप-अपचा बंदोबस्त तुलनेने लवकर झाला, कारण तिथे व्याख्येचा घोळ नव्हता. वाचकाने क्लिक केलेले नसताना उघडू पाहणारी खिडकी अडवायची, एवढ्या एका नियमावर बरेचसे काम भागले. २००४ पर्यंत त्या काळी सर्वाधिक वापरात असलेल्या ब्राउझरमध्येही ही सोय आली होती.

पानातच बसवलेल्या जाहिरातींना मात्र हा नियम लागू पडेना. त्यांच्यासाठी ब्लॉकर, म्हणजे ब्राउझरला जोडायची जाहिराती अडवणारी साधने, आणि काय अडवायचे हे त्यांना सांगणाऱ्या याद्या आल्या. अशी यादी म्हणजे साध्या मजकुराची फाइल असते. तिच्यातली एक ओळ सांगते की अमुक सर्व्हरकडे विनंती जाऊच द्यायची नाही, तर दुसरी सांगते की पानावरचा तमुक चौकोन लपवायचा.

वाद पेटला तो डिसेंबर २०११ मध्ये. एका अत्यंत लोकप्रिय ब्लॉकरने ‘स्वीकारार्ह’ जाहिराती आपणहून दाखवायला सुरुवात केली आणि ज्यांना त्या नको असतील त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन खूण काढावी, अशी व्यवस्था ठेवली. वाचनात खंड न पाडणारी, जाहिरात म्हणून ओळखू येणारी आणि आकाराने आटोपशीर, अशी त्या शब्दाची फोड पुढे ठरली. लहान संकेतस्थळांना या सवलतीच्या यादीत शिरकाव मोफत होता. मोठ्यांकडून मात्र त्यासाठी पैसे घेतले जात. निकष सर्वांना सारखेच, असे सांगितले गेले, तरी दार अडवणाऱ्यानेच दार उघडण्याचे मोल घ्यावे, हे अनेक वापरकर्त्यांना पटले नाही, आणि ते न पटणे रास्तच होते. प्रकाशकांची तक्रार वेगळी होती. त्यांना ब्लॉकर हाच धंद्यातला अन्याय वाटत होता. जर्मनीतला त्यांचा खटला शेवटच्या पायरीपर्यंत गेला आणि एप्रिल २०१८ मध्ये ब्लॉकरच्या बाजूने निकाल लागला.

त्याच वर्षी फेब्रुवारीपासून, ज्याच्या मालकाची मिळकत मुख्यतः जाहिरातींवर चालते, असा एक ब्राउझर स्वतःच काही जाहिराती गाळू लागला. त्याने स्वीकारलेल्या मानकांत आपोआप वाजणारा आवाज, भगभगणारी चित्रे आणि मोबाइलच्या पानावर ३० टक्क्यांहून अधिक जागा व्यापणाऱ्या जाहिराती निषिद्ध ठरल्या. पुढे २०२४ पासून त्याच ब्राउझरने विस्तारांची, म्हणजे ब्लॉकरसारख्या जोडसाधनांची, जुनी चौकट मोडीत काढायला घेतली. पूर्वी विस्ताराला प्रत्येक विनंती स्वतः तपासून अडवता येई. नव्या चौकटीत त्याने नियम ब्राउझरच्या हवाली करायचे आणि नियमांच्या संख्येलाही मर्यादा.

या सगळ्यात आकार मोजला गेला, आवाज मोजला गेला. एकच जाहिरात कितीदा समोर यावी, याची अट मात्र ना ब्लॉकरच्या त्या फोडीत होती, ना २०१८ च्या मानकांत. ती मोजणी जाहिरातदारांकडेच राहिली आणि बव्हंशी त्रयस्थ कुकींच्या, म्हणजे संकेतस्थळाबाहेरच्या कंपनीने वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखखुणांच्या, आधारे होत आली. त्यामुळे माग काढला जाऊ नये म्हणून कुकी बंद करणारा वाचक त्या मोजणीला दर वेळी नवखाच भासतो, आणि कालचीच जाहिरात त्याला आज पुन्हा पहिल्यांदा म्हणून दाखवली जाऊ शकते.