‘शेअरिंग गेलं’ या तक्रारीमागचा इतिहास

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखान्यांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. हमखास येणारी तक्रार अशी: नवा पीसी बसवला आणि झेरॉक्स मशीनवरून केलेलं स्कॅन शेअर्ड फोल्डरमध्ये येईनासं झालं. मशीन धडधाकट असतं. ते १९८० च्या दशकातली भाषा बोलत असतं आणि नव्या विंडोजला ती ऐकायची नसते.

ती भाषा म्हणजे एसएमबीची, नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याच्या पद्धतीची, पहिली आवृत्ती. आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी एसएमबीचा पाया घातला, मायक्रोसॉफ्टने ती घरोघरी नेली. त्याच सुमारास, १९८४ मध्ये, सन मायक्रोसिस्टिम्सने युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी त्याच कामाचं एनएफएस आणलं. काम एकच, स्वभाव मात्र उलटे. एसएमबीचा सर्व्हर वही ठेवतो: कोणी कोणती फाइल उघडली, कोणी लॉक केली. जुन्या एनएफएसचा सर्व्हर यातलं काही लक्षात ठेवत नसे. कोणती फाइल, कुठून, किती वाचायची हे प्रत्येक मागणीतच लिहिलेलं असे. म्हणून सर्व्हर बंद पडून पुन्हा उठला, तरी समोरचा पीसी तीच मागणी परत करी आणि काम पुढे चाले. वीज गेल्यावर अर्धवट राहिलेल्या फाइली ज्याने निस्तरल्यात, त्याला याचं मोल कळेल. लॉकसाठी मात्र वेगळी सेवा जोडावी लागे. शेवटी २००० नंतरच्या चौथ्या आवृत्तीत एनएफएसनेही वही हाती घेतली.

विंडोज आणि युनिक्स ही दोन्ही जगं जोडली ती साम्बा या सॉफ्टवेअरने. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास कॅनबेरात नेटवर्कवरून जाणारी डेटाची पाकिटं निरखून एसएमबीची बोली उलगडली. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत थोर वाटतं ते हेच काम. लिनक्सच्या साध्या मशीनवर विंडोजचे फोल्डर फुकट वाटता येऊ लागले, आणि आजही अनेक नॅसच्या, म्हणजे नेटवर्कला जोडायच्या स्टोरेज पेट्यांच्या, पोटात साम्बाच असतं.

२००६ मध्ये विंडोज व्हिस्टासोबत एसएमबीची दुसरी आवृत्ती आली. शंभरावर आज्ञा १९ वर आल्या. २०१२ च्या तिसऱ्या आवृत्तीत एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा सांकेतिक करून पाठवणं, आलं. तरी जुनी उपकरणं चालावीत म्हणून पहिलीचं दार उघडंच राहिलं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्यातूनच पसरला. जूनमध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने तीच फट वापरली, जोडीला चोरलेले पासवर्डही. त्यात आपल्या उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. त्याच वर्षअखेरच्या विंडोज १० पासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये पहिल्या आवृत्तीचा सर्व्हर आपणहून येत नाही, मुद्दाम चालू करावा लागतो.

‘ती जुनी आवृत्ती चालू करून द्या ना, दोन मिनिटांचं तर काम,’ असं मालक म्हणतात. मी देत नाही. मशीनच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, दुसरी आवृत्ती मिळते का ते आधी पाहतो; नाहीच मिळाली, तर स्कॅन पेनड्राइव्हवर घ्यायला शिकवून येतो.